फणसाच्या सावलीचं वीजबिल

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी गच्चीवरच्या सोलरबद्दल विचारलं की मी युनिटं, सबसिडी आणि नेट मीटर यांवर बोलत राहायचो. परवा वाडीतल्या एकाने विचारलं, "काका, आम्हीपण बसवू का? परवडतं का?" मी सवयीने सुरुवात केली आणि मधेच थांबलो. परवडण्याचा हिशेब मला येतो, पण त्यातली एक बाजू मी कोणाला दाखवलेली नाही.

पावसजवळ आमचं घर. मधली भिंत एक, अंगण एक आणि बिऱ्हाडं दोन. एकात मी, दुसऱ्यात माझी वहिनी. माझी बायको आणि माझा थोरला भाऊ आधीच गेले होते, मुलं मुंबईला होती. उरलो आम्ही दोघं आणि अंगणातला बरका फणस. तो वहिनींनी लग्नानंतर लावलेला. त्याचे गरे पिकले की त्या फणसपोळीची साठं घालायच्या आणि पोस्टाच्या पार्सलातून मुंबईला पाठवायच्या.

निवृत्तीनंतर मला विजेच्या बचतीने झपाटलं. घरातले सगळे दिवे बदलले, पंखे बदलले. रोज सकाळी देवपूजेआधी मीटर वाचायचो. वहिनींच्या घरात कुठे दिवा उगाच जळतोय का, हे खिडकीतून बघायचो. त्या समई लावतानासुद्धा म्हणायच्या, "भावोजी, ही तेलाची आहे. हिचं मीटर देवाकडे."

मग सोलरचं डोक्यात शिरलं. पॅनेल बसवणारा माणूस गच्चीवर चढला, ऊन बघितलं आणि म्हणाला, "दुपारनंतर अर्धी गच्ची सावलीत जाते. फणस असेपर्यंत तुम्हाला परवडणार नाही."

मी वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"फणसाला विचारलंत का?"

"झाडाला काय विचारायचं?"

"मग देवाला विचारा. देव हो म्हणाला तर मी आड येणार नाही."

आमच्याकडे घर बांधायचं, विहीर खणायची, सोयरीक जुळवायची तर ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार. वहिनींचे गुडघे धरलेले, देवळाच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. मी एकटाच गेलो.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "देवाक काय सांगू?"

फणसाचं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं. पण डावी पाकळी पडली तर? मी म्हटलं, "घरावर सोलर बसवायचा आहे, तेवढंच विचारा."

गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या गच्चीवर सूर्यनारायणाच्या काचा बसवायच्या आहेत म्हाराजा. सरकारकडून सबसिडी येणार आहे, ती वेळेत येऊ दे म्हाराजा. मीटर उलटा फिरणार आहे, तो फिरू दे म्हाराजा."

दर्शनाला आलेली चार माणसं मागून म्हणाली, "होय म्हाराजा." उजवी पाकळी लगेच पडली. देवाला तरी सोलरबद्दल काय हरकत असणार.

घरी आलो. वहिनी अंगणात फणसाखालीच बसल्या होत्या.

"फणसाचं विचारलंत?"

"हो."

"काय म्हणाला?"

"उजवा दिला."

त्या उठल्या, बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि आत गेल्या. झाड पडलं त्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही. नंतर सुताराकडून त्याच लाकडाचा एक पाट करून घेतला, एवढंच.

पॅनेलं बसली. पहिलं बिल एवढं कमी आलं की मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग एप्रिल उजाडला. दुपारी दोन्ही घरांच्या भिंतींना हात लाववेना. रात्री गच्चीचा स्लॅब वरून भाजायचा. इतकी वर्षं ते ऊन फणस अंगावर घेत होता, हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. वहिनींना दुपारी घेरी येऊ लागली, तेव्हा मी माझ्या खोलीत एसी बसवला आणि त्यांना दुपारच्या इथेच बसा म्हटलं.

त्या यायच्या, अंगावर शाल आणि काखेत फणसाचा पाट. पाट मांडून त्यावर बसायच्या आणि वर यंत्राकडे बघायच्या. "फणसाखाली असंच गार वाटायचं, फक्त शाल लागत नव्हती." एकदा विचारलं, "भावोजी, हे तुमचं यंत्र वर्षाला किती फणस देतं?"

बिल पुन्हा पहिल्या जागी आलं. पॅनेलं दिवसभर ऊन खाऊन वीज करत, एसी ती वीज खाऊन फणसाचं काम करत होता. पॅनेलांवर धूळ बसते म्हणून मी रोज सकाळी गच्चीवर पाणी चढवत होतो. फणसाला मी जन्मात पाणी घातलं नव्हतं.

एका दुपारी लाइन गेली. एसी बंद.

"बाहेर तर ऊन फुटलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमचा सोलर?"

"लाइन गेली की तोही बंद पडतो. तशीच रचना आहे."

"म्हणजे सूर्य असूनही ह्याला कोणीतरी हुकूम द्यायला लागतो." त्या पदराने वारा घेत राहिल्या. मग सहज म्हणाल्या, "देवाचा शब्द होता म्हणून. नाहीतर तुम्हाला मी झाडाला हात लावू दिला नसता."

आता बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी देवळात…"

तेवढ्यात लाइन आली, एसी टिंग करून वाजला.

"आलं बघा. काय म्हणत होतात?"

"काही नाही. थोडं कमी करू का गार?"

"करा. पाट गारठतो."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी एसी माझ्या भिंतीवरून काढून त्यांच्या खोलीत लावला, माझ्याच मीटरवरून वायर ओढली. रोज दुपारी उशाशी बसून रिमोट धरायचो. बोलायचं वाक्य जिन्यातल्या सोलरच्या इन्व्हर्टरसमोर उभं राहून पाठ केलं होतं. त्यांच्यासमोर गेलो की तोंडातून "गार जास्त होतंय का?" एवढंच निघायचं. त्या मान हलवायच्या. पावसाळा लागायच्या आधी त्या गेल्या.

पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे. वहिनी, देवाने फणसाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नाही, आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं.