फळ धरलं, फवारणी बंद

माझ्या शेतातला एक टोमॅटो एवढा वाढला की उतरवताना त्याच्याखाली दोन हमाल सापडले, असं मी पिंपळवंडीत शपथेवर सांगितलेलं आहे. कुणी विश्वास ठेवला नाही, पण चहा पाजला. असा मी. त्यामुळे गेल्या वर्षी दोन महिने माझ्या तोंडून एकही थाप निघाली नाही, तेव्हा आधी घाबरली ती बायको.

जेवण जाईना. तालुक्यातल्या सगळ्या धरणांचं पाणी छातीवर साठल्यासारखं वाटायचं. बांधावर बसलो की उठायचं कशाला, तेच सुचायचं नाही. एकदा "मेलो तर सुटलो" असं तोंडून निघून गेलं. तिनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

नैराश्य, त्या म्हणाल्या. रोज सकाळी एक गोळी. दोन-तीन आठवडे तरी फरक दिसणार नाही, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

पहिल्या गोळीनंतर दुसऱ्या दिवशी मी आरशात पाहिलं, पान टवटवीत झालंय का. नव्हतं. महिन्याभरानं मात्र भूक लागली, आणि एका सकाळी डेअरीवर मी अशी थाप मारली की दूध घालणारे किटल्या विसरून गेले. झालो बरा! मग शेतकऱ्याचं डोकं चाललं: फळ धरलं, तोडा जवळ आला, की फवारणी बंद, नाहीतर औषध फळात उतरतं. मीही फळ धरलं होतं. बायको चहाबरोबर गोळी द्यायची, मी ती गालात धरून गवती चहाच्या आळ्यात थुंकायचो. त्या दिवसांत गवती चहा फार आनंदी दिसत होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की कुंपणाच्या झटका मशीनची तार कानातून आरपार ओवल्यासारखं व्हायला लागलं. घाम, चिडचिड, आणि दहाव्या दिवशी छातीवरचं ते पाणी परत. तरी बोललो नाही. गमतीनं लाखभर खोटं बोललो असेन. लपवायला बोललेलं हे पहिलंच. आणि बायको तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "गोळीनं माणूस माघारी आणला गं माझा."

बाराव्या दिवशी तिला मोटरसायकलवर मागं बसवून येडगावला चाललो होतो. धरणाच्या कडेला हॉर्न ऐकून मान वळवली, डोक्यात झटका बसला आणि पुढचं चाक खडीवर घसरलं. पाणी हातभर अंतरावर. गाडी कशीबशी थांबवली.

"काय झालं?"

"गोळी बंद केलीय मी. बारा दिवस झाले."

ती हसली. "चला, थापा नका मारू. रोज माझ्या हातानं देते मी."

"अगं, खरं सांगतोय."

आयुष्यभराच्या माझ्या सगळ्या गोष्टी त्या रस्त्यावर माझ्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या. मग मी तिच्याकडं मान वळवली, तोच पुन्हा झटका बसला. डोळे मिटून मी हँडल धरलं. तिचं हसू गेलं.

"त्यो विचार परत आला व्हता का?"

"आला."

तिनं गाडीची चावी काढून घेतली. "मागं बसा तुमी."

तिला स्कूटी येते, गिअरची गाडी नाही. दवाखान्यापर्यंत आम्ही पहिल्या गिअरमध्ये गेलो. एक म्हातारी काठी टेकत आम्हाला ओलांडून गेली. मी हसलो नाही. तीही नाही.

फवारणीचा हिशेब ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "काका, ही फवारणी नाही, ठिबक आहे. झाड हिरवं दिसतंय ते ठिबक चालू आहे म्हणून. व्यसन नाही लागत हिचं, पण एकदम तोडली की शरीर असे झटके देतं."

"म्हणजे जन्मभर?"

"तसं नाही. आजपासून परत सुरू करायची. बरं वाटल्यावरही काही महिने. मग मी सांगेन तशी हळूहळू कमी करू." मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी 'त्या' विचाराबद्दल एकेक प्रश्न विचारला. बायकोला म्हणाल्या, सध्या एकटं सोडू नका, आठवड्यानं आणा, मध्ये काही वाटलं तर लगेच या.

"गुण कधी येईल?" मी विचारलं.

"पुन्हा काही आठवडे."

ते आठवडे काढायचे होते.

मेडिकलच्या काउंटरवर गावातलाच एकजण उभा. "काय राव, कुणाच्या गोळ्या?"

मेव्हणीचं ब्लडप्रेशर माझ्या जिभेवर तयार होतं. बायको माझ्याकडं बघत होती.

"माझ्याच," म्हणालो. "नैराश्याच्या."

मी पाणी मागून गोळी तिथंच गिळली.

"आ करा," बायको म्हणाली.

चार गिऱ्हाइकांसमोर मी आ केला. तिनं गालात बोट घालून दोन्ही बाजू तपासल्या.