बंद कंटेनरमधून गेलेली गाडी

मित्रहो, सकाळची गोष्ट आहे, पण मनातून जात नाही.

माझ्या धाकट्या भावाने, मंगेशने, जुन्या कारची शर्यतीची गाडी केली आहे. ती रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून आज अमरावतीहून अकोल्याच्या शर्यतीला लादून न्यायची होती. मंगेश म्हणाला, "दादा, उघड्या ट्रेलरवर नेऊ. लोकायले दिसू दे."

मला तो मिरवण्याचा सोस वाटला. धूळ उडते, खडी लागते, असं सांगून मी बंद कंटेनर ठरवला.

नोंदणीसाठी आम्ही दोघे कारने पुढे अकोल्याला पोचलो, तोच वाटेवरच्या आमच्या गावाहून मला बाबांचा फोन. या गाडीला आजवर भंगारच म्हणणारे बाबा.

"कावून रे, गाडी निघाली नाई का? मी कवाचा नारळ घेऊन फाट्यावर उभा हावो."

"बाबा, ते बंद डब्यात हाये."

"हट् लेका! असे तं लय डबे गेले इथून."

ड्रायव्हरला विचारलं. तो फाटा ओलांडून बराच पुढे आला होता.

"बाबाले दाखवाची होती, तं मले सांगाचं ना," मी मंगेशला म्हणालो.

"बाबा येतीन याचा भरवसा नव्हता, दादा."

परतताना थांबूच. पण तो नारळ शर्यतीआधीचा होता.

कंटेनर उघडला. गाडीवर धुळीचा कण नव्हता. तरी मंगेश बॉनेट पुसत राहिला.

मी माझी सगळी कारणं सांगितली, त्याचं एकही विचारलं नाही. तुमच्याही घरात थोरल्यांकडून असं होतं का?