तिघींच्या केसांचा एक रिपोर्ट

जठारपेठेतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी आई मागच्या दारात बसायची, तिच्यापुढे ताई, ताईपुढे मी. आई स्वतःची वेणी आधी घालायची, मग आमची वेणीफणी अशी एका रांगेत व्हायची. फणीत आलेले तिघींचे केस आई बोटाला गुंडाळून पिशवीत कोंबायची. केसांवर भांडी देणारी बाई आली की ते तिला. ते खोबरेल, ताईच्या गुडघ्यांची पकड, 'हालू नको' म्हणून बसलेली टपली, सगळं अजून आठवतं. पुढे ताई लग्न होऊन बडनेऱ्याला गेली, मी शिकायला अमरावतीला. भांडीवालीही यायची थांबली. पिशवी तेवढी राहिली.

मागच्या वर्षी आईला चक्कर यायला लागली. जिना चढताना मधेच बसायची. मी अमरावतीत राजापेठेतल्या खोलीवर औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध पत्रकं लिहीत होते, आणि इकडे माझ्याच आईनं शेजारणीच्या सांगण्यावरून केसांवरून अंगातल्या खनिजांची तपासणी करून घेतली. लाल-हिरव्या पट्ट्यांचा रिपोर्ट आला: जस्त कमी, तांबं जास्त. सोबत पावडरचा डबा.

"मानेजवळचे कापून द्या म्हणे," आई सांगत होती. "आदीच एवढे गळून राहिले, अजून कावून कापू? पिशवीतले देल्ले."

"आई, त्यात ताईचे आहेत, माये बी आहेत."

"मंग तिघीले पुरते डबा."

मला हसू आलं, मग संताप. तिघींच्या केसांवरून तपासणीवाल्यांनी एकीचं शरीर वाचलं आणि कुणाला शंकाही आली नाही. मानेजवळचे दिले असते तरी काय? केसांवर शाम्पू, मेंदी, नळाचं पाणी सगळं चढतं. त्यावरून खाण्यात काय कमी पडतंय हे ठरवून डबा विकणं ही सरळ लबाडी आहे.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळीत जास्त जातं का?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वर्सं झाले."

बाहेर बाकावर मी विचारलं, "मले कावून नाही सांगतलं?"

"तू घरी कवा असते? आन् केसं देल्ले का असलं कोणी काई इचारत नाही. बरं वाटते."

माझ्या एकाही पत्रकात हे नव्हतं. तेवढ्यात सोनोग्राफीसाठी तिला आत बोलावलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तू बी चाल," म्हणाली.