अंगठा आत, नेटवर्क बाहेर

आमचे हे काय करतात असं कुणी विचारलं, की गेल्या वर्षी आठ महिने मी सरळ सांगायची, अंगठा देतात. लोकांना वाटायचं मी चेष्टा करतेय. चेष्टा कसली, डोंबल. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, आणि त्याच्याकडे काम उरलं ते एवढंच: सकाळी स्कूटरला किक मारायची आणि गावभर फिरून अंगठा देऊन यायचं.

हे कळायला आधी ह्यांची किल्ली कळली पाहिजे. लिफ्टच्या कामात एक रीत असते. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली होते, त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टमध्ये माणूस उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली एकाच माणसाने खिशात ठेवायची. आतली सगळी माणसं बाहेर आली, मोजून झाली, की मगच त्याने कुलूप काढायचं. ह्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाचा हात कोपरापासून गेला होता, कारण त्या दिवशी किल्ली भलत्याच माणसाकडे होती. तेव्हापासून आमच्या घरात किल्लीचं नाव काढलं की हे गंभीर होतात. त्यांच्या हाताखालचे अकरा मेकॅनिक त्यांना किल्लीकाका म्हणतात, आणि किल्लीकाकांच्या खिशात किल्ली असल्याशिवाय त्यातला एकही जण शाफ्टमध्ये पाय ठेवत नाही. ह्यांच्या स्वभावाला एरवी काही म्हणून औषध नाही, पण ह्या एका गोष्टीत मी कधी बोलले नाही.

तर एक दिवस कंपनीतून एक टायवाला आला. त्याने सगळ्यांना टॅब वाटले आणि भाषण केलं. फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांना आता ऑफिसात यायची गरज नाही, तार नाही, कागद नाही, जिथे असाल तिथून कंपनीचं सगळं काम टॅबवर, आणि तेही कडेकोट बंदोबस्तात. लिफ्टचं काम सुरू करताना एकदा अंगठा लावायचा, संपलं की एकदा लावायचा. अंगठा जुळला तरच लिफ्टचं यंत्र तुमचं ऐकणार. वरच्या मशीन रूमचं दारसुद्धा आता टॅबच उघडणार. थोडक्यात, अंगठा म्हणजे किल्ली, असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

तिथेच घोळ झाला. बाराही माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. अंगठा म्हणजे किल्ली, आणि किल्ली एकाच माणसाकडे असते, यात चर्चा करण्यासारखं काय आहे? बाराही टॅब टेबलावर ओळीने मांडले, आणि आमच्या ह्यांनी बाराही टॅबवर आपलाच अंगठा उठवला. टायवाला चहा पिऊन आला, बारा हिरवे दिवे बघून खूश झाला आणि निघून गेला.

घरी येऊन मला हे सांगताना ह्यांची छाती फुगली होती. मी म्हटलं, "अहो, मग उद्या अकरा ठिकाणी काम निघालं तर?"

"तर अकरा ठिकाणी जाईन."

"आणि दिवसाला दोनदा अंगठा, म्हणजे बावीस वेळा?"

"कुलूप घालायचं म्हणजे घालायचं," हे म्हणाले. मी हात टेकले.

त्यानंतर आमच्या घराची जी धर्मशाळा झाली ती काय सांगू. सकाळी सहाला दारात दोन माणसं टॅब घेऊन उभी. हे आंघोळीला गेलेले असले तर न्हाणीघराच्या दारातून साबणाचा हात बाहेर यायचा, मेकॅनिक तो पुसायचा, अंगठा लावून घ्यायचा आणि हात परत आत जायचा. जेवताना उजवा हात खरकटा, म्हणून घासागणिक हात धुवायला उठायचं. लंबू नावाचा एक आहे, इतका उंच की दर शाफ्टमध्ये एकदा तरी डोकं आपटून घेतो. त्याने ह्यांची दया येऊन मेणाचा अंगठा बनवून आणला. ह्यांनी तो खिडकीतून फेकून दिला आणि चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. म्हणाले, अंगठ्याला माणूस जोडलेला पाहिजे.

त्यात ते टॅबचं नेटवर्क. बंदोबस्त इतका कडक की साध्या नेटवर्कवर चालायचंच नाही, कंपनीचं खास लागायचं, आणि ते सिमेंटच्या आत शिरायचं नाही; आमच्या कौलारू घरात चालायचं तेवढंच. लिफ्ट तर सगळ्या सिमेंटच्या आतच. म्हणून अंगठा द्यायचा तो गच्चीवर नाहीतर रस्त्यावर. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दिवसाला वीस गच्च्या चढत होता. आणि कंपनीकडून पत्र काय यावं? एका दिवसात चौतीस लिफ्ट, सर्वांत कार्यक्षम कर्मचारी, हार्दिक अभिनंदन. मी ते पत्र डब्याखाली घातलं.

हे मात्र एकच पालुपद लावायचे. "इतक्या महिन्यांत एकाचंही बोट चिरडलं नाही." ते खरंच होतं, म्हणून माझं तोंड बंद व्हायचं.

आमच्या मुलीचं तसं नव्हतं. तिचं तोंड तिच्या बापासारखंच, कमी उघडतं आणि नेमकं लागतं. तिचा शाळेतला बक्षीस समारंभ, तिचं अपेंडिक्स, तिच्या नोकरीचा पहिला दिवस, बाप कुठेच नव्हता. कुठे ना कुठे लिफ्ट अडकलेली असायची. लग्न रजिस्टर करायचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, ह्या वेळी तू ये. उशिरा आलास तरी चालेल, पण ये. तू आल्याशिवाय मी सही करणार नाही." आणि ती बोलते तसं करते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. होणारा जावई बोटीवर नोकरीला. संध्याकाळी त्याची बोट सुटणार होती आणि परत यायला नऊ महिने लागणार होते. नोंदणी अधिकारी एक वाजता उठायचे. म्हणजे जे काय व्हायचं ते एकच्या आत.

त्या दिवशी आम्ही सगळे अकरा वाजता नोंदणी कार्यालयात हजर. आठवा मजला. अकराही मेकॅनिक इस्त्रीचे शर्ट घालून आलेले, भांग पाडलेले, ओळखू येईनात. हे नव्हते. एका दवाखान्याच्या लिफ्टला अंगठा देऊन येतो म्हणून गेले होते. साडेअकरा झाले. मग खालून कोणीतरी ओरडत आलं की चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली आहे आणि आतला माणूस तुम्हाला सगळ्यांना शिव्या घालतोय.

खोटं का बोला, माझं डोकं फिरलं. पाचव्या मजल्यावर धावले. दाराच्या खाली वीतभर फट होती आणि त्यातून ह्यांचा नवा शर्ट दिसत होता.

"ही लिफ्ट काल कुणी केली?" हे आतून विचारत होते.

लंबू पुढे आला. मान खाली. "मी, काका. तुम्हीच म्हणालात, उद्या लग्नाला येणारच आहे, काम बंद केल्याचा अंगठा तेव्हा देतो. माझ्यासारखंच आणखी पाच जणांचंही राहिलंय."

म्हणजे चूक ह्यांचीच. काल साडेअकराला उघडलेलं काम चोवीस तासांत बंद झालं नाही, म्हणून त्या कडेकोट बंदोबस्ताने ठरवलं की ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, आणि लिफ्ट होती तिथे थांबवली. तिच्यात नेमके हे होते.

उपाय सोपा होता. टॅबवर अंगठा लावायचा की लिफ्ट सुटली. लंबूने फटीतून टॅब आत सरकवला. ह्यांनी अंगठा लावला. टॅब म्हणाला, नेटवर्क नाही. टॅब बाहेर काढला, लंबू गच्चीवर पळाला. तिथे नेटवर्क फर्स्टक्लास, टॅब म्हणाला, अंगठा लावा. तो खाली आला. पुन्हा आत, पुन्हा वर. दोन फेऱ्या झाल्यावर लंबू पायरीवर बसला आणि म्हणाला, "काकू, नेटवर्क आहे तिथे अंगठा नाही, आणि अंगठा आहे तिथे नेटवर्क नाही."

"मग मशीन रूममधून हाताने खाली आणा की," मी म्हटलं. इतकी वर्षं संसार केल्यावर मलाही एवढं कळतं.

"मशीन रूमचं दार टॅबने उघडतं, काकू."

दार दोघांनी मिळून ओढून धरलं असतं तर एक माणूस कसाबसा बाहेर आला असता. मी तसं म्हटलंही. आतून ह्यांचा आवाज आला, "मेन बंद नसताना अर्धवट लिफ्टमधून कुणीही बाहेर यायचं नाही. नियम माझा आहे." मी म्हटलं, घ्या तुमचा नियम उशाला. पण मनातून मला उस्तादाचा हात आठवला आणि मी पुढे झालेल्या मेकॅनिकना मागे सारलं.

सव्वाबारा झाले. वर अधिकारी म्हणत होते, साक्षीदार दुसरा आणा, माझी हरकत नाही. मुलगी म्हणाली, "मला साक्षीदार नको, बाबा पाहिजे." आणि पेन खाली ठेवून बसून राहिली. जावईबापू घड्याळाकडे बघत होते, पण तिला एक शब्द बोलले नाहीत. तिथे तो मला पहिल्यांदा आवडला.

लंबूने गच्चीवरून कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बाकीचे एकेका मजल्यावर उभे राहिले, वरचा निरोप खाली द्यायला. मी गच्चीवर वाकलेल्या लंबूच्या कानाला कान लावून उभी होते.

"आमचे काका लिफ्टमध्ये अडकलेत," लंबू म्हणाला.

तिकडून गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "आमच्या नोंदीप्रमाणे ते आत्ता सहा ठिकाणी काम करत आहेत. त्यातले नेमके कुठले अडकले आहेत?"

"एकच आहेत हो ते."

"तसं असेल तर त्यांना फोन द्या."

"ते आत आहेत, तिथे नेटवर्क नाही."

"मग त्यांनी ॲपमधून तक्रार नोंदवावी."

लंबूचा चेहरा रडवेला झाला. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बारा टॅब, एक अंगठा, न्हाणीघर, मेण, काही म्हणून ठेवलं नाही. तिने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं. मग म्हणाली, "म्हणजे बाकीचे अकरा जण आमच्याकडे नाहीतच?"

"नाहीत."

"मग त्यांच्यावर काही कारवाई करता येणार नाही. त्यांनी उद्या येऊन आपापला अंगठा नोंदवावा. पण ह्या एका अंगठ्याला ताबडतोब काढून टाकावं लागेल. काढला की त्याच्या नावावरच्या सगळ्या लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येतील आणि दारं उघडतील."

माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "फक्त एक आहे. सुरक्षेच्या कारणावरून काढलेल्या माणसाला कंपनी परत घेत नाही. त्यांची संमती विचारा."

ह्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. मी हा निरोप मजल्यामजल्यावरून पाठवला नाही. स्वतः उतरले. पाचव्या मजल्यावर फटीपाशी गुडघे टेकून बसले आणि जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, कंपनीचा उद्धार करतील. ह्यांनी आतून फटीपाशी तोंड आणलं.

मग म्हणाले, "पोरांचं काय?"

"त्यांना काही नाही. ते उद्या नवे म्हणून जातील."

"प्रत्येकाचा वेगळा अंगठा?"

"प्रत्येकाचा वेगळा."

"मग शाफ्टमध्ये उतरताना मोजणार कोण?" हे म्हणाले. "लंबूला सांग, आता त्याने मोजायचं. रोज." आणि मग, "किती वाजले?"

"बारा चाळीस."

"काढायला सांग मला."

मी ओरडले. मजल्यामजल्यावरून तो शब्द वर गेला. मिनिटभराने लिफ्ट हलली आणि खाली निघाली. आणखी पाच लिफ्ट त्याच क्षणी गावात कुठे कुठे खाली आल्या असतील, आतली माणसं दचकली असतील, त्यांना कोण सांगणार. तळमजल्यावर दार उघडलं, हे बाहेर आले आणि दार पुन्हा बंद होऊन ठप्प झालं. आता आठ मजले चढायचे होते.

गुडघे कुरकुरत होते तरी हे कुणाला हात लावू देईनात. सहाव्या मजल्यावर बसले, मी पदराने वारा घातला, परत उठले. वर पोचले तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती, अधिकारी फाइल बांधत होते. ह्यांना धाप लागली होती, नव्या शर्टाला लिफ्टचं काळं ग्रीस. मुलीने बघितलं आणि पेन उचललं.

कारकुनाला घाई होती. मुलीच्या वडिलांचा रकाना भरताना मान वर न करता त्याने विचारलं, "काय करता?"

एकतीस वर्षांत ह्या प्रश्नावर ह्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. दारात अकराजण उभे होते, ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आत्ता काही नाही," हे म्हणाले. "आत्ता इथे आहे."

कारकून म्हणाला, असं लिहिता येत नाही. तेवढ्यात मुलगी सही अर्धी टाकून टेबलाला वळसा घालून आली, बापाच्या त्या ग्रीसच्या शर्टात तोंड खुपसलं आणि लहानपणी रडायची तशी हमसून रडायला लागली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि बांधलेली फाइल परत सोडली.