धीरजची पाहणी

धीरज माझ्या भावाचा मुलगा, पण वाढवला मी. भाऊ भालचंद्र केंद्र सरकारच्या नोकरीत, सारख्या बदल्या. पोराची शाळा तरी किती वेळा बदलणार? म्हणून पाचवीपासून तो दिल्लीत, करोल बागेत माझ्याकडे राहिला. मी टेलिफोन खात्यात होते. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका.

आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेला सोसायटी काढली, तेव्हा तिथे नुसती धूळ आणि बाभळी. भूमिपूजनाला कर्ज देणाऱ्या बँकेचे साहेब आले, समोसे खाल्ले, फोटो काढून घेतले आणि गेले ते गेलेच. पुढे ठेकेदारानंही पोबारा केला. पायाच्या खड्ड्यात पाणी साचून म्हशी डुंबायला लागल्या. तरी रविवार आला की मी धीरजला घेऊन बसने तिकडे जायचे.

"आत्या, म्हशीच बघायच्या तर इतक्या लांब कशाला?" तो कुरकुरायचा.

"आपलं आहे ते आपणच बघायचं असतं," मी खेकसायचे. अशी वर्षं गेली, आणि शेवटी एकदाचं घर झालं. त्यातली उगवतीकडची खोली मी धीरजची ठरवून टाकली.

एमबीए झाल्यावर त्याच्यापुढे दोन नोकऱ्या आल्या. एक गुडगावात, इन्व्हेस्टमेंट बँकेत. कंपन्यांचे सौदे जुळवायचे, एक झाला की पुढचा. पगार ऐकून भालचंद्राने फोनवर विचारलं, महिन्याचा की वर्षाचा? दुसरी, पवनचक्क्यांना कर्ज देणाऱ्या कंपनीत. पगार निम्म्याहून कमी आणि नेमणूक थेट तमिळनाडूत.

यात विचार कसला करायचा? मी पगाराचं पालुपद लावलं. खरं सांगू, पगाराचं मला काय डोंबलाचं! गुडगाव द्वारकेच्या शेजारी, आणि मला पोरगं घरात हवं होतं. मी नुकतीच निवृत्त झाले होते. त्या नव्या सेक्टरात संध्याकाळी काळं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

तो दोन्हीकडे भेटून आला. जेवताना म्हणाला, "आत्या, मी दोघांनाही एकच विचारलं. पैसे उभे करून दिल्यावर तुम्ही परत बघायला जाता का?"

"मग?"

"गुडगाववाले हसले, यार. म्हणाले, तोवर आम्ही तिसऱ्या सौद्यात असतो. दुसरे म्हणाले, कर्ज फिटेपर्यंत दर तीन महिन्यांनी जावं लागतं, उन्हातान्हात. जमेल का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बिल्कुल जमेल म्हणालो."

कप्पाळ माझं! म्हशी मीच दाखवल्या होत्या, आता बोलू कुणाला? तरी बोलले. उंटावरचा शहाणा म्हणाले, वारा मोजायला चाललाय म्हणाले, वर अबोला धरला. जायच्या दिवशी मात्र डब्यात चकल्या भरून दिल्या. स्टेशनवरून परतताना ऑटोत रडले. हो, रडले.

आता दर तीन महिन्यांनी हेड ऑफिसात अहवाल द्यायला तो दिल्लीला येतो. घरात शिरला की चहासुद्धा नंतर. आधी गॅसची नळी बघतो, गिझर बघतो, माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात की तशाच पडल्यात ते बघतो.

"मी काय तुझी पवनचक्की आहे का रे मेल्या?" मी ओरडते.

"अच्छा, आवाज तर ठीक आहे," म्हणतो, आणि पाना घेऊन बाथरूमच्या गळक्या नळापाशी बसतो. मागच्या खेपेला त्या नळापायी त्याची परतीची गाडी चुकली. आणखी एक रात्र राहिला. मी पुरणपोळ्या केल्या.

काल सोसायटीचा प्लंबर श्याम आला होता. त्याने नळ हलवून पाहिला.

"माताजी, वॉशर गया है. दस मिनट का काम है, बदल दूँ?"

"रहने दो भैया," मी म्हटलं. "परसों मेरा भतीजा आ रहा है."