आटलेला समुद्र

चांगुणाबाई सरगर यांची व माझी ओळख प्रौढांच्या वर्गात झाली. आमच्या वस्तीतील बुद्धविहारात हा वर्ग संध्याकाळी भरतो. त्या माझ्याशेजारी सतरंजीवर बसत व पाटी नाकाला लागेल इतकी जवळ धरीत. त्यांना अक्षरे ओळखता येत नाहीत, असे मला प्रथम वाटले. पुढे कळले की त्यांना काचबिंदू झाला आहे. राहिलेली नजर किती टिकेल याचा भरवसा नाही, असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते.

त्यांचे माहेर व सासर दोन्ही सांगोल्याकडील कोरड्या गावांत. दुष्काळात मेंढरे विकून त्या सोलापुरात आल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवू लागल्या. मोठे टॉवेल आले की सुपरवायझर म्हणत, "मावशी, कड नीट घाला. हा माल समुद्रावरच्या हॉटेलात जाणार." असे त्यांनी आयुष्यभर ऐकले. समुद्र मात्र कधी पाहिला नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "आक्का, नजर हाय तवर समुद्र बघायचाय. येता का संगं?"

घरी त्यांचा मुलगा बिभीषण याने विचारले, "देवाला निघालीस व्हय?"

"न्हाय."

"मग लगीन हाय का कुणाचं?"

"न्हाय."

"कोण वारलं का काय?"

"आरं, समदी जिती हायती! समुद्र बघायला चाललीय."

सून प्रियंका हिची भाकरी तव्यावरच करपली. त्यांना दोष देता येणार नाही. मलाही धक्काच बसला होता. देव, कार्य किंवा मयत यांवाचून आमच्यातील बाई गावाबाहेर पडत नाही. नुसत्या मौजेसाठी निघालेली बाई मी पाहिली नव्हती, आणि आता मीच तिच्याबरोबर निघाले होते.

करपलेली भाकरी बाजूला ठेवून प्रियंकानेच मोबाईलवर शोध घेतला. पावसाळ्यात समुद्रकाठच्या खोल्या ओस पडतात व भाडे निम्म्यावर येते, असे तिला आढळले. एस.टी.त बायकांना तिकीट अर्धे आहेच. कडक भाकरी, शेंगांची चटणी व दोन चादरी घेऊन आम्ही रत्नागिरीकडील एका गावी पोहोचलो. तेव्हा अंधार पडला होता व पाऊस कोसळत होता. समुद्र दिसला नाही. नुसता आवाज आला.

"आक्का, हितं कारखाना हाय का? समदे माग एकदम चालू केल्यात जणू!"

आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाई हसल्या व म्हणाल्या, "आजी, तोच समुद्र. आत्ता आमच्या बांधापर्यंत आलाय."

सकाळी पाऊस थांबला. चादरी अंथरून बसावे म्हणून आम्ही खाली उतरलो आणि जागीच थिजलो. बांधापाशी पाणी नव्हते. नुसती ओली वाळू होती, आणि पाणी पार लांब गेले होते.

"आक्का, आटला!" चांगुणाबाई म्हणाल्या. "माज्या नशिबानं समुद्र बी आटला!"

मला ते खरे वाटले. आम्ही तळी, विहिरी, नदी आटताना पाहिलेली माणसे. गेलेले पाणी तसेच परत आल्याचे आम्ही कधी पाहिले नव्हते.

"उरलंय तेवढं तरी जवळनं बघते," असे म्हणून त्या भराभर चालू लागल्या. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी चादरी घेऊन मागे थांबले.

त्या लांबच्या उंचवट्यावर जाऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. इतक्यात मालकीणबाई ओरडत धावत आल्या. "आजी, मागे फिरा! भरती लागली!" वाऱ्यात चांगुणाबाईंना ऐकू गेले नाही. उंचवटा आणि आम्ही यांच्यामध्ये वाळूत एक अरुंद, खोलगट लवण होते. पाणी बाजूने त्यात शिरून भरत चालले होते, आणि चांगुणाबाईंची पाठ आमच्याकडे होती.

आमच्याकडे विहिरीतून माणूस वर काढताना चादरीला पीळ देऊन गाठ मारतात. लवणाच्या काठाशी जाऊन मी दोन्ही चादरी तशा बांधल्या. एक टोक कमरेला बांधून मालकीणबाई पाण्यात शिरल्या. दुसरे टोक मी माझ्या कमरेला गुंडाळले व वाळूत टाचा रोवून बसले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आले. सोलापूरची चादर होती, ती तुटली नाही. मालकीणबाईंनी चांगुणाबाईंना मिठीत धरून आणले.

बाहेर आल्यावर चांगुणाबाई वाळूत बसल्या. मला वाटले, आता रडतील. त्यांनी माझा हात गच्च धरला.

"आक्का, परत आलं! गेल्यालं पानी परत आलं की!"

"रोजच येतं हो, आजी. दिवसातून दोनदा," मालकीणबाई धापा टाकीत म्हणाल्या.

"दोनदा?"

"दोनदा."

"आन् आमाला कुणी सांगितलं न्हाय!"

संध्याकाळी चांगुणाबाई भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मला म्हणाल्या, "आक्का, सकाळी मी लई भ्याले. डोळं गच्च मिटून घेतलं. पानी येतं कसं, ते बघायचंच ऱ्हायलं. उद्या यायला लागलं की मला बांधावर धरून उभी करा."