ठसा खाली येतोय

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीचा दुसरा मजला रोज संध्याकाळी पाच ते सहा चालायचा बंद होत असे.

हुकूम बाईंचा. "थांबा, ठसा खाली येतोय," एवढं ऐकू आलं की गॅलरीतला माणूस असेल तिथे खांब. मी एकदा टॉवेलवर, भरलेली बादली धरून उभा होतो. समोर कुणाकडे तरी मुलगी बघायला आलेले पाहुणे.

बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. घरी शुभेच्छापत्रं करायच्या. खोडरबरावर स्वतः कोरलेले ठसे: कमळ, चिमणी, पिंपळपान. आणि आमची जमीन लाकडी. चौथ्या खोलीपाशी कोणी चाललं की पहिल्या खोलीतलं बाईंचं टेबल थरथरायचं, ठसा फिसकटायचा.

"मग खोडा ना, बाई. रबरच आहे की हातात," मी म्हणायचो.

"माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता." नजर मात्र ठशावरच.

शेजारच्या नानांना हा हुकूम मुळीच मान्य नव्हता. "माझ्याच गॅलरीत मी चालायचं नाही? माझ्यामुळे काही हलत नाही." नानांनी कधी चूक कबूल केल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नाही.

गेल्या वर्षी फिसकटलेली कार्डं वाढली. "कोण चाललं?" बाई दारात येऊन विचारायच्या. कोणीच चाललेलं नसायचं. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरू लागल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बोलायचं कोणी?

आता बाई लेकीकडे बदलापूरला असतात. खोलीला कुलूप आहे. जाण्याआधी त्यांनी नातीच्या लग्नाचं कार्ड करायला घेतलं. आठ दिवस खपून कडेची वेल झाली. मधोमध एकच पिंपळपान उरलं.

"हे बिघडलं, तर ठसे पोरांना वाटून टाकणार," त्यांनी जाहीर केलं.

दार उघडं होतं. आम्ही सगळे गॅलरीत श्वास रोखून. नाना तर स्टुलावर, पाय वर घेऊन, चक्क मांडी घालून.

ठसा खाली आला. उचलला. पानाला दोन देठ.

बाईंनी या वेळी "कोण चाललं?" विचारलं नाही. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात स्टुलावरून, मांडी न मोडता, नाना बोलून गेले, "माझा पाय हलला हो, बाई. तुम्ही दुसरं करायला घ्या, मी इथून उतरत नाही."